पवित्र शास्त्र आणि खर्चाची वही शेजारीशेजारी कशी वाचावी

पैशावरचा उपदेश आपल्या मंडळ्यांत वर्षातून दोनदा होतो. एकदा कापणीच्या सणाच्या आधी आणि एकदा चर्चचं छप्पर गळायला लागलं की. दोन्ही वेळा सांगणं एकच, सढळ हाताने द्या. त्यामुळे ख्रिस्ती माणसाचा पैशाशी संबंध अर्पणाच्या थैलीपुरता, असं आपल्या डोक्यात पक्कं बसलंय. मी नगरला पतसंस्थेत कॅशियर म्हणून नोकरी केली, आता मंडळीची खजिनदार आहे. हिशेबाच्या सवयीने शास्त्र वाचलं की वेगळंच दिसतं. तिथे दानाच्या आधी देणं येतं. मजुरी, व्याज, गहाण, वजनमाप, शेताची हद्द. दुसऱ्याचं जे आपल्याकडे अडकलंय ते आधी मोकळं करा, मग दानाचं बोला, असा तो क्रम आहे.

लेंतच्या, म्हणजे ईस्टरआधीच्या उपवासाच्या दिवसांत आमच्या भागातली काही घरं मिळून वही समोर ठेवून वाचतात. ती पद्धत इथे लिहिते. एका घरापुरतं केलं तरी चालतं.

बसण्याआधी

दोनशे पानी वही, पासबुक, फोनवरच्या पेमेंटची गेल्या तीन महिन्यांची यादी आणि पवित्र शास्त्र. एवढंच लागतं. नवरा-बायकोने एकत्र बसावं, एकट्याने केलेला हिशेब घरात टिकत नाही.

गटात बसलात तर आकडे कोणी मोठ्याने वाचायचे नाहीत. आकडा बाहेर पडला की निम्मे फुशारकी मारतात, निम्मे मान खाली घालतात आणि वाचन तिथेच संपतं.

आणि गटात नुसते पेन्शनवाले नकोत. मंडळीत धुणी-भांडी करणाऱ्या आहेत, बिगारी आहेत, वॉचमन आहेत. त्यांना बोलवा आणि वेळ त्यांच्या सोयीची धरा. दुपारी चारला बैठक ठेवायची आणि वर "त्या येतच नाहीत" म्हणायचं, हे बरोबर नाही. गरिबीवरचं वचन गरिबांना बाजूला ठेवून वाचलं की त्याची ताबडतोब दया होते. आपण कोणावर तरी करायची दया.

पहिलं पान मजुरीचं

वाचायचं ते असं: लेवीय १९:१३, अनुवाद २४:१४-१५, याकोब ५:१-६. मजुराची मजुरी रात्रभर आपल्याजवळ ठेवू नकोस, सूर्य मावळण्याआधी दे, कारण त्याचा जीव तिच्यावर लागलेला असतो. याकोब तर म्हणतो की अडकवून ठेवलेली मजुरी स्वतःच ओरडते आणि ती ओरड सेनाधीश प्रभूच्या कानी गेली आहे.

मग पानावर रकाने पाडा. कोण, काय काम, रोज किती वेळ, महिना किती, शेवटची वाढ कधी, सुट्टीचे पैसे कापतो का, पगार कोणत्या तारखेला देतो. आता तासाचा भाव काढा. धरा, मावशी रोज दीड तास राबतात, महिन्यातले २८ दिवस. झाले ४२ तास. पगार २,१०० रुपये असेल तर तासाला ५० रुपये पडले. महिन्याचा आकडा बोलताना कोणाला काही वाटत नाही, तासाचा आकडा लिहिला की पेन थांबतो.

"शेवटची वाढ कधी" हा रकाना सोडू नका. सरकारी पेन्शनवाल्यांच्या घरी महागाई जानेवारीत आणि जुलैत येते आणि भत्त्याबरोबर निघून जाते. मावशींच्या घरची महागाई कोणाच्या नोंदीतच नसते.

इथे कोणीतरी हमखास म्हणतं, "पण त्या एवढ्यात कबूल झाल्या ना?" या प्रश्नाला चांगलं उत्तर आपल्या कॅथॉलिक बांधवांकडे आहे. १५ मे १८९१ रोजी पोप तेरावे लिओ यांनी कामगारांच्या प्रश्नावर 'रेरुम नोव्हारुम' हे परिपत्रक काढलं. त्यात ते म्हणतात की मालक आणि मजूर यांनी आपसात मजुरी ठरवावी हे ठीक, पण कोणत्याही करारापेक्षा जुना असा न्याय आहे. साध्या राहणीच्या माणसाचं पोट भरेल एवढी मजुरी हवीच. आणखी वाईट होईल या भीतीने मजूर कमी पैशांना हो म्हणाला, तर तो जबरदस्तीला आणि अन्यायाला बळी पडला असं समजावं. आपण प्रॉटेस्टंट असलो म्हणून हे ऐकायला काही हरकत नाही.

यानंतर मत्तय २०:१-१६, म्हणजे द्राक्षमळ्यातल्या मजुरांचा दाखला वाचा, पण घरात बसून वाचू नका. सकाळी अकराच्या सुमारास मजूर अड्ड्यावर जाऊन या. आठपर्यंत तरणेताठे निघून गेलेले असतात. अकराला उभे राहतात ते पिकल्या केसांचे, एखादा हात अधू असलेले, कडेवर पोर असलेल्या बाया. दाखल्यातले शेवटच्या तासाला घेतलेले मजूर हेच. "इथे दिवसभर रिकामे का उभे राहिलात?" असं धनी विचारतो आणि ते म्हणतात, "आम्हांला कोणी कामावर लावलं नाही." आळशी होते असं त्यात कुठेही नाही.

हा दाखला नोकरदारांना नेहमी टोचतो. दिवसभर राबणाऱ्याला एक दिनार आणि तासभर राबणाऱ्यालाही एक दिनार, हा कुठला न्याय? आमच्या गटात सेंट्रिंगच्या कामावर जाणारे एक दादा आहेत. ते म्हणाले, "तासाच्या पैशांत घरी पीठ येत नाही. धन्याने तास मोजले नाहीत, घरातली ताटं मोजली." दिनार ही तेव्हाची एका दिवसाची मजुरी. त्यावर आमच्यातले निवृत्त हेडमास्तर बराच वेळ काही बोलले नाहीत, ही आमच्याकडे दुर्मिळ गोष्ट आहे.

वाढ ठरवली तर ती चालू महिन्यापासून द्या. "नाताळपासून बघू" म्हणजे बघणार नाही.

दुसरं पान कर्जाचं

नहेम्या पाचवा अध्याय. यावर उपदेश झालेला मी क्वचितच ऐकलाय, आणि आमच्या धंद्यातल्या माणसाला तर हा अध्याय तोंडपाठ हवा. यरुशलेमेची भिंत बांधणं चालू आहे आणि मध्येच लोक बायकांसह ओरड करत येतात. दुष्काळात धान्यासाठी शेतं, द्राक्षमळे, घरं गहाण पडली. राजाचा कर भरायला कर्ज काढलं. पोरीबाळी दासी म्हणून गेल्या. सावकार कोण, तर आपलेच भाऊबंद. यहूदाचा सुभेदार नहेम्याला संताप येतो, तो सरदारांना सगळ्यांसमोर उभं करतो, आणि "मी आणि माझे भाऊही पैसा आणि धान्य उसनं देत आहोत" असं स्वतःचंही नाव घेतो. मग सांगतो, शेतं परत करा, मळे परत करा, घरं परत करा, आणि पैशाचा, धान्याचा, द्राक्षारसाचा, तेलाचा शेकडा एक घेता तोही परत करा.

शेकडा एक! आपल्याकडे खाजगीत शेकडा तीन आणि शेकडा पाच महिन्याला घेणारे लोक पहिल्या बाकावर बसून "आमेन" म्हणतात.

वहीत तीन याद्या करा. घेतलेलं कर्ज, दिलेलं कर्ज, आणि कोणाकोणाला जामीन आहात. दिलेल्या यादीत आपल्यापेक्षा गरीब माणूस असेल तर निर्गम २२:२५ प्रमाणे व्याज शून्य. त्याची वस्तू ठेवून घेतली असेल तर परत करा. पैसे मागायला गेलात तर अनुवाद २४:१०-११ आठवा: गहाण घ्यायला ऋणकोच्या घरात शिरू नकोस, बाहेर उभा राहा, तो आणून देईल. गरिबालाही उंबरठा असतो हे तीन हजार वर्षांच्या जुन्या कायद्याला कळत होतं. वसुलीच्या गाड्या दारात उभ्या करून शेजाऱ्यांना ऐकू जाईल असं बोलणारी माणसं मी नोकरीत पाहिली आहेत.

घरकामाच्या मावशींना दिलेली उचल वेगळी लिहा. आपण नगर-बीडकडचे लोक, उचल काय करते हे आपल्याला शिकवायला नको. दसऱ्याआधी ऊसतोडीच्या मुकादमाकडून कोयत्यामागे, म्हणजे नवरा-बायकोच्या जोडीमागे, उचल घेतली की ती फिटेपर्यंत फडावरून सुटका नाही. पोरीच्या फीसाठी दिलेल्या दहा हजारांवर "फिटेपर्यंत दुसरं काम धरायचं नाही" अशी अट तुम्ही घातली असेल तर तुम्हीही मुकादमच. हप्ता लहान ठेवा, कागदावर लिहून द्या, आणि काम सोडलं तरी पैसे सवडीने परत करायची मोकळीक ठेवा. परत येण्याची आशा नसेल तर कर्ज म्हणू नका. देऊन टाका आणि विसरा.

तिसरं पान: न कमावलेलं

याला सगळ्यांत जास्त वेळ द्या.

वचनं दोनच. अनुवाद ६:१०-११: तू न भरलेली भरली घरं, तू न खोदलेल्या विहिरी, तू न लावलेले द्राक्षमळे. आणि १ करिंथ ४:७: तुला मिळालं नाही असं तुझ्याजवळ काय आहे?

आजोबा-आजीपासून सुरुवात करून तीन पिढ्या लिहा. काम काय, जमीन किती, शिक्षण किती, फी कोणी भरली, नोकरी कोणाच्या शब्दावर लागली. अमेरिकन मराठी मिशनने नगरला १८३१ साली काम सुरू केलं. सिंथिया फॅरर बाईंच्या मुलींच्या शाळा जोतीराव फुल्यांनी पाहिल्या आणि सावित्रीबाई अध्यापनाचे धडे फॅरर बाईंकडे घेऊन आल्या, हे आपण अभिमानाने सांगतो. सांगावंच. पण त्याच अभिमानाखाली एक साधी गोष्ट दबून जाते. गावातल्या दोन भावांपैकी एक मिशनच्या बोर्डिंगात गेला, दुसरा आईबापांजवळ राहिला. पहिल्याची नातवंडं आज शिक्षक, नर्स, इंजिनियर आहेत. दुसऱ्याची ऊसतोडीला जातात. पहिला हुशार होता म्हणून गेला असं घरात सांगतात. पुष्कळदा तो फक्त त्या वर्षी बोर्डिंगच्या वयाचा होता.

जात हा रकाना टाळू नका. "ख्रिस्तात जात नाही" हे वचन म्हणून खरं आहे. लग्नाच्या बोलणीत मात्र ते कुठे जातं ते सगळ्यांना ठाऊक आहे. दुसऱ्या बाजूने १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशाने अनुसूचित जातींची सवलत धर्माला बांधली. १९५६ साली शीख आणि १९९० साली बौद्ध त्यात आले, ख्रिस्ती अजून बाहेर आहेत. म्हणजे महार-मांग समाजातून आलेल्या ख्रिस्ती कुटुंबाला गावात जात चिकटलेलीच राहते आणि कागदावर तिचा आधार मिळत नाही. मंडळीत एखादा उच्चवर्णीय घरातून आला की त्याची साक्ष, म्हणजे तो ख्रिस्ती कसा झाला ती गोष्ट, पिढ्यानपिढ्या सांगतात. बाकीचे आले ते जणू फक्त संख्येने आले. आपल्या घराला यातलं काय मिळालं आणि कशाची झळ लागली, दोन्ही लिहा. एकाच घरात दोन्ही असू शकतं.

मग बहिणी. वडिलांचं घर भावांच्या नावावर आहे का? बहिणींनी हक्कसोडपत्रावर सह्या केल्या का? आपल्याला १९२५ चा भारतीय उत्तराधिकार कायदा लागू आहे आणि त्यात वडील मृत्युपत्र न करता गेले तर मुलगा-मुलगी समसमान वारस आहेत. तरी तहसीलला जाऊन बहिणी सह्या करतात, भाऊ साडी नेसवतो, आणि "आमच्या बहिणी देवमाणसं" असं म्हणतो. गणना २७ मध्ये सलाफहादाच्या पाच मुली मोशेसमोर उभ्या राहून वाटा मागतात आणि परमेश्वर म्हणतो, त्यांचं म्हणणं रास्त आहे. त्या पाचही जणींची नावं शास्त्राने लिहून ठेवली आहेत: महला, नोआ, होग्ला, मिल्का, तिरसा. भावांनी हा अध्याय मोठ्याने वाचावा. आमच्या गटात एका घराने यावरून वाटणीचा विषय पुन्हा काढला. त्या घरात अजून वाद चालू आहे, आणि माझ्या मते सह्यांच्या वेळच्या शांततेपेक्षा हा वाद बरा.

जक्कयाचं गणित

लूकने १८ व्या अध्यायात श्रीमंत अधिकारी आणि १९ व्यात जक्कय ठेवलाय, तसंच पाठोपाठ वाचा. पहिल्याने लहानपणापासून सगळ्या आज्ञा पाळल्या, पण सगळं विकून गरिबांना दे असं येशूने म्हटल्यावर तो खिन्न झाला. दुसरा जकातदारांचा मुख्य, सगळ्यांनी थुंकावं असा, तो आनंदाने आकडे सांगतो: अर्धं द्रव्य गरिबांना, आणि कोणाचं अन्यायाने घेतलं असेल तर चौपट परत.

चौपट हा चोरलेल्या मेंढराचा दर आहे, निर्गम २२:१. स्वतः होऊन कबूल करणाऱ्याला गणना ५:७ प्रमाणे मुद्दल आणि वर फक्त पाचवा हिस्सा द्यावा लागे. जक्कयाने सवलतीचा दर सोडून चोराचा दर स्वतःला लावून घेतला. आता गणित करा. अर्धं गरिबांना गेलं, उरलं अर्धं. त्यातून चौपट द्यायचं, म्हणजे लुबाडलेलं एकूण मालमत्तेच्या आठव्या हिश्श्यापेक्षा जास्त असेल तर हा माणूस त्याच दिवशी दिवाळखोर. मुख्य जकातदाराने आठव्या हिश्श्यापेक्षा कमी खाल्लं असेल?

आपण निदान पाचव्या हिश्श्यापासून सुरू करू. मागच्या पानांवर ज्यांचं देणं निघालं त्यांची यादी करा. थकलेली मजुरी, उगाच कापलेली सुट्टी, भाडेकरूचं अडवून ठेवलेलं डिपॉझिट. रकमेवर पाचवा हिस्सा घाला आणि त्याच माणसाच्या हातात द्या. तो सापडत नसेल तरच ती रक्कम दुसऱ्या गरिबाला. परस्पर अर्पणाच्या थैलीत टाकून हात झटकू नका.

रेषा

आता दशांश, म्हणजे मिळकतीचा दहावा भाग देणं. मत्तय २३:२३ वाचलं की दशांशाचा तोरा उतरतो: पुदिना, शेप आणि जिऱ्याचा दशांश देता आणि न्याय, दया, विश्वास सोडून देता. दशांश द्यावा, पण त्याने उरलेल्या नऊ भागांवर आपला शिक्का बसत नाही. चौथ्या शतकात कैसरियाचा बिशप बासिल श्रीमंत मूर्खाच्या दाखल्यावर बोलताना म्हणाला की तू साठवलेली भाकर भुकेल्याची आहे आणि पेटीत ठेवलेलं वस्त्र उघड्याचं आहे. त्याने हे दुष्काळ पाहून सांगितलं होतं.

नऊ भागांचं काय करायचं, याला मला सगळ्यांत व्यवहारी वाटते ती मेथडिस्ट चळवळ सुरू करणाऱ्या जॉन वेस्लीने सांगितलेली गोष्ट. ऑक्सफर्डच्या त्यांच्या मंडळातल्या एकाला वर्षाला ३० पौंड मिळायचे. तो २८ पौंडांत राहिला, २ दिले. पुढच्या वर्षी ६० आले, तो २८ मध्येच राहिला, ३२ दिले. मग ९० आले तेव्हा ६२ आणि १२० आले तेव्हा ९२. हा एक जण म्हणजे वेस्ली स्वतःच असं मानतात.

याची आपल्यासाठी रीत अशी. घराचा साधा वर्षाचा खर्च काढा, त्यात शिक्षण, औषधपाणी, म्हातारपणाची तजवीज धरा, आणि त्या आकड्याखाली लाल रेघ ओढा. दरवर्षी महागाईएवढी रेघ वर सरकवा. पगारवाढीबरोबर सरकवू नका. वरचं जे उरेल त्यात तुमची मुलं सोडून दुसऱ्या कोणाची तरी मुलं घ्या, म्हणजे तिसऱ्या पानावरच्या मागे राहिलेल्या भावाची.

"बी पेरा, शंभरपट घ्या" म्हणून मोठ्या सभांत पाकिटं वाटणाऱ्यांकडे जाऊ नका. तो गुंतवणुकीचा धंदा आहे, आणि त्यात पावतीही मिळत नाही.

मंडळीची वही

घरं झाल्यावर मंडळी. याकोब २:१-४ वाचून कापणीच्या सणाचा लिलाव डोळ्यांपुढे आणा. वेदीपुढे ऊस, भोपळे, बाजरीची कणसं, पाय बांधलेली कोंबडी. एखाद्या विधवेने डालड्याच्या डब्यात भुसा घालून गावठी अंडी आणलेली असतात. लिलाव सुरू होतो, एक नारळ दोन घरांच्या ईर्ष्येपायी पाच हजारांवर जातो, टाळ्या पडतात, नाव पुकारलं जातं. अंडी शेवटी, लोक चपला शोधत असताना, कोणीतरी किरकोळीत उचलतं. लिलाव बंद करा असं मी म्हणत नाही, मजाही असते त्यात. पण बोली लावणाऱ्याचं नाव पुकारणं बंद करता येतं, आणि लहान जिनसा आधी घेता येतात. आम्ही हे केलं तर जमा थोडी घटली. घटू द्या.

शेवटचं काम वार्षिक सर्वसाधारण सभेचं. तीन गोष्टी विचारा. चर्च झाडणाऱ्या मावशींना आणि शिपायाला किमान वेतन मिळतं का? त्यांचा पगार "किरकोळ खर्च" या सदरात का आहे, वेगळ्या ओळीत का नाही? मंडळीच्या मुदत ठेवींवर आलेल्या व्याजातून मंडळीतल्या गरिबांच्या पोरांच्या फीला किती गेले? हे प्रश्न लेखी, आठवडाभर आधी सचिवांकडे द्या आणि पोच घ्या. आयत्या वेळच्या विषयांत टाकलेत तर तोवर चहा आलेला असतो.